मले दोन झापड द्या

नागपूरला धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी बरीच वर्षं नर्स होते. तिथं मला 'हसवणारी सिस्टर' म्हणत. पेशंट सगळ्या विदर्भातून यायचे, ऑपरेशनच्या भीतीनं तोंड एवढंसं झालेले. मी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायची. "काहून गा आजोबा, वावरातली कामं सोडून इथं आराम करून राहिले का?" एवढं म्हटलं तरी म्हातारा खुलायचा. टाके घातलेल्या बाया पोटावर उशी दाबून म्हणायच्या, "सिस्टर, नोका हसवू वं, लय दुखते." एखादा पेशंट अडून बसला की मोठे डॉक्टर म्हणायचे, तिला पाठवा.

हे आधी सांगते, कारण जर्मनीला गेल्यावर माझी हीच गोष्ट सगळ्यांत आधी गेली.

मी परीक्षा पास होऊन, रीतसर भाषा शिकून गेले होते. पण क्लासमध्ये शिकवलेली भाषा वेगळी आणि दक्षिणेकडच्या त्या लहान गावातली बोली वेगळी. क्लासमध्ये 'मला' शिकायचं आणि प्रत्यक्षात सगळे 'मले' म्हणणारे, असा प्रकार. पुण्यात ट्रेनिंगला असताना माझ्या 'मले'वर मुली हसायच्या, तेव्हा मी त्यांना दोन वाक्यांत गप्प करायची. इथं तसं करता येईना. डोक्यात एखादं चांगलं उत्तर यायचं, मग मी त्याचं क्रियापद शेवटी नेऊन बसवायची, आणि तोवर बाकीचे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. विनोदाला उशीर झाला की त्याची तक्रार होते. लोक चेहरा गंभीर करून विचारायचे, "तुला काही त्रास आहे का?"

आमच्या वॉर्डात एक नर्स होता. उंच, हडकुळा, लाल दाढी, आणि सतत काहीतरी थट्टा चाललेली. वॉर्ड त्याच्या जिवावर हसायचा. नर्स म्हणून तो उत्तम होता, हे मला नाकारता येणार नाही. पहिल्याच महिन्यात त्यानं मला त्याच्या बहिणीची जुनी सायकल आणून दिली. हवासुद्धा स्वतः भरली. मी ती सायकल शेवटपर्यंत वापरली, आणि त्याच्याबद्दलचा रागही तेवढाच नेमानं सांभाळला. दोन्ही एकदम जमतं.

मी गेल्यावर थोड्याच दिवसांची गोष्ट. मोठे डॉक्टर त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या खोल्यांमधून राउंड घेणार होते. मी घाबरलेली होते. लाल दाढीवाला म्हणाला, "क्लासमधले नमस्कार-चमत्कार त्यांना आवडत नाहीत. ते इथलेच आहेत. त्यांच्याशी गावच्या पद्धतीनं बोल, खूश होतील." आणि त्यानं मला एक वाक्य शिकवलं. दोनतीनदा म्हणून घेतलं. उच्चार सुधारला. मला वाटलं, किती हा माणूस मनाचा मोठा.

डॉक्टर आले. मी पुढं होऊन ते वाक्य म्हटलं. ते थांबले. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. म्हणून मी तेच वाक्य पुन्हा, मोठ्यानं, हसून म्हटलं.

मागं उभ्या असलेल्या नर्सेसनी ओठ चावले होते. एक जण तर औषधांच्या गाडीमागं खाली बसली. डॉक्टर हेड सिस्टरकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या खोलीत गेले. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

अर्थ मला एका पेशंट आजीनं सांगितला. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, मी तिचं अंग पुसून देत होते. ती माझा हात धरून म्हणाली, "पोरी, ते वाक्य पुन्हा कुणाला म्हणू नकोस." मग तिनं मला समजेल अशा साध्या शब्दांत सांगितलं. मी त्या साठीच्या माणसाला, तो हाताखालच्या सगळ्या लोकांसह उभा असताना, 'ये रे म्हाताऱ्या बोकडा, आज कुणावर चढतोस' असं काहीतरी विचारलं होतं. दोनदा.

मी स्टाफच्या खोलीत गेले. लाल दाढीवाला कॉफी पीत होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "अगं, गंमत! आम्ही सगळ्या नव्या लोकांची करतो. आता तू आमच्यातली झालीस."

आमच्यातली. हा शब्द मी लक्षात ठेवला.

पुढं नाताळाच्या आधी वॉर्डची पार्टी झाली. गावातल्या एका हॉटेलचा हॉल होता. जेवण झाल्यावर वर्षभरातल्या गमतीजमती भिंतीवर दाखवायला सुरुवात झाली. त्यात एक छोटा व्हिडिओ होता. तो मला ते वाक्य शिकवत असताना मी त्याच्यामागून ते कसं घोकत होते, शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत, आणि तो कुठला तरी शब्द पुन्हा म्हणायला लावत होता. कुणीतरी पडद्याआडून फोनवर घेतलं होतं. सगळा हॉल लोळला. हेड सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. लाल दाढीवाल्यानं उठून माझ्याकडे हात करून वाकून सलाम केला.

मीही हसले. सगळ्यांत जोरात हसले. कारण हसले नसते तर म्हणाले असते, हिला विनोदबुद्धी नाही. त्या रात्री नाही, त्याच क्षणी, हातात केकची बशी असताना, मी ठरवलं की याला मी सोडणार नाही. कधी, कुठं, ते माहीत नव्हतं. घाई नव्हती.

दुसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मी रजा मागितली तेव्हा तो शेजारीच होता. म्हणाला, "नागपूर? तिथून वाघाच्या जंगलात जातात ना? मी किती वर्षं ठरवतोय! मीही येतो. लग्न बघतो, मग वाघ बघतो." मी त्याला बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन येत होता. आणि वर म्हणाला, "मला तुमच्या भाषेत दोन वाक्यं शिकव. तुझ्या घरच्या मोठ्या माणसांना खूश करायचं आहे."

देव कधी कधी किती थेट देतो!

मी त्याला विचार करून शिकवलं. शुद्ध मराठी शिकवली असती तर त्यानं फोनला अर्थ विचारला असता आणि फोननं सांगितला असता. म्हणून आमची घरची बोली शिकवली. ती फोनला येत नाही. वाक्य होतं: "मी भल्ला येडा हाव. मले दोन झापड द्या."

मी सांगितलं, याचा अर्थ 'मी फार दुरून आलो आहे, मला तुमचे आशीर्वाद द्या.'

त्यानं फोनला विचारलंच. वाक्य सगळं फोनला कळलं नाही, पण 'झापड'चा अर्थ फोननं दाखवला, गुंगी, पेंग. तो माझ्याकडे आला. "मी दोन झोपा कशाला मागतोय?"

पुस्तकी मराठीत झापड म्हणजे पेंगच. आमच्या नागपुरात झापड म्हणजे थप्पड आणि 'भल्ला येडा' म्हणजे पक्का वेडा, हे फोनला कोण सांगणार! मी म्हटलं, "आमच्याकडे पाहुणा असंच म्हणतो. तुमच्या छपराखाली मला निवांत झोप लागो. जुनी पद्धत आहे." त्याचे डोळे अक्षरशः भरून आले. "किती सुंदर," तो म्हणाला.

शिवाय मी त्याला सांगितलं, समोरचा माणूस मान राखून विचारेल, 'खरंच देऊ का?' तर लाजायचं नाही, म्हणायचं, "द्या ना गा, जोरात द्या."

पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही चादरी बदलायचो आणि तो घोकायचा. मी उच्चार सुधारायची. 'झ' त्याच्या तोंडी बसेना, तर मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. पडल्या पडल्या एका म्हाताऱ्या पेशंटलाही ते पाठ झालं. मी बी.पी. बघायला गेले की तो बोळक्या तोंडानं म्हणायचा, "मी भल्ला येडा हाव." मी त्याला मनापासून सांगायची, "छान."

लग्न मनीषनगरमधल्या एका लॉनवर होतं, आमच्या घरापासून जवळच. थंडीचे दिवस. आईनं लाल दाढीवाल्याला वडलांचा जुना कोट आणि गुलाबी फेटा चढवला होता. आल्या दिवसापासून तो घरभर कौतुकाचा विषय झाला होता. आत्या त्याच्या ताटात पुरणपोळी वाढून वर तुपाची धार धरायची, तो नको म्हणायच्या ऐवजी मान हलवायचा, आणि आत्या ते हो समजून आणखी धरायची. आई मला म्हणाली, "किती साधं पोट्टं आहे वं हे."

माझ्या मनात एवढंच होतं की तो स्टेजवर जाईल, माइक हातात घेईल, वाक्य म्हणेल, आणि सगळं लॉन हसेल. पाचशे माणसं. मग मी त्याला अर्थ सांगेन. तेवढ्यानं माझं भागणार होतं.

पण स्टेजवर तेव्हा मामा उभा होता.

माझा मामा नागपूरजवळच्या खाप्याचा. कन्हान नदीच्या काठाला त्याची शेती आहे, अजून स्वतः करतो. तरुणपणी कुस्त्या खेळलेला, त्यामुळे हात फळीसारखा. मामाला थट्टा कळत नाही. आम्ही लहान असताना त्याला कुणी गमतीनं म्हटलं होतं, हे पेरूचं झाड कापून टाक, तर त्यानं सकाळी उठून कापलं होतं. तो सांगितलेलं करतो, आणि विचारून करतो.

लाल दाढीवाला माइक घेऊन मामासमोर वाकला. हात जोडले. स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "नमस्कार. मी भल्ला येडा हाव. मले दोन झापड द्या."

लॉन आधी चूप झालं, मग फुटलं. पोरं खुर्च्यांवर चढली. बँडवाले हातातली वाद्यं घेऊन पुढं आले. तो खूश होऊन सगळीकडे बघत होता. त्याला वाटलं, उच्चार जमला.

मामा मात्र हसला नाही. त्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "खरंच देऊ का गा?"

"द्या ना गा," तो छाती काढून म्हणाला, "जोरात द्या."

मामानं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. पाहुणा माझा, म्हणून विचारायचं मला. मी समोरच्या रांगेच्या कडेला उभी होते. त्याची नजर मला सापडली. त्या नजरेचा अर्थ मला पक्का कळला होता. त्या वेळी मी नुसती हसून 'नाही मामा' म्हणू शकले असते.

मी मान हलवली. हो.

तो आवाज माइकमधून सगळ्या मनीषनगरला ऐकू गेला असेल. फेटा उडून नवरीच्या पायाशी पडला. लाल दाढीवाला दोन पावलं मागं गेला आणि सोफ्याच्या हाताला धडकून थांबला. मामानं दुसऱ्यासाठी हात उचलला होता, कारण दोन मागितल्या होत्या. वडलांनी धावत जाऊन तो हात धरला. "काय करून राहिला गा तू? पाहुणा आहे तो!"

"त्यानंच तर मागितली," मामा गोंधळून म्हणाला. "पोरगी हो म्हणाली."

लाल दाढीवाला गाल धरून उभा होता. त्यानं मला पाहिलं. मी वर गेले आणि त्याच्या गावच्या बोलीत, क्रियापद अगदी बरोबर जागी बसवून, त्या वाक्याचा अर्थ त्याला सांगितला. मग त्याच बोलीत म्हटलं, "गंमत होती. आम्ही सगळ्या नव्या लोकांची करतो."

खाली पाचशे माणसं त्याच्याकडे बघत होती. मग तो हसला. मोठ्यानं हसला, डोळ्यांत पाणी असताना. ते हसू कुठून आणावं लागतं ते मला माहीत होतं, आणि तो ते आणतोय हे बघताना मला जे वाटलं त्याला मी समाधानच म्हणेन. दुसरा शब्द शोधून काय उपयोग?

आईनं त्याला आत नेलं, टॉवेलात बर्फ बांधून गालावर धरला. मामाला खरं काय झालं ते कळल्यावर तो त्याच्या शेजारी जेवायला बसला आणि आपल्या हातानं त्याला जिलबी भरवत राहिला. एक शब्द न बोलता. माझ्याशीही तो लग्नभर बोलला नाही.

रात्री भांडी आवरताना आई म्हणाली, "घरी आलेल्या पाहुण्याले मारलं तू."

"मी कुठं मारलं? मामानं मारलं."

"हात त्याचा होता," आई म्हणाली.

मी तिला बोकडाची गोष्ट सांगितली, भिंतीवरच्या व्हिडिओची सांगितली. तिनं सगळं ऐकलं. "मंग तिथंच काहून नाही मारलं त्याले?" तिनं विचारलं. "तिथं तुझं कोणी नव्हतं म्हणून? आणि इथं त्याचं कोण होतं वं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हटलं, "म्हणूनच." आई पातेलं घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची जंगलाला जायची गाडी येणार होती. गच्चीवर तो एकटाच उभा होता. डावा गाल सुजला होता. त्यानं वळून न बघता विचारलं, "दोन वर्षं? दोन वर्षं तू हे मनात ठेवलंस?"

"हो."

"पण तू हसली होतीस."

"तूही काल हसलास."

त्यानं सुजलेल्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, आपण मित्र आहोत."

"मलाही तसंच सांगितलं होतं," मी म्हटलं. खाली गाडीचा हॉर्न वाजला. आईनं त्याच्यासाठी डबा बांधला होता. त्यानं आईच्या पाया पडून तो घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. वाघ दिसला की नाही, ते मला कधी कळलं नाही.

परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हेड सिस्टरनं मला खोलीत बोलावलं. त्यानं तक्रार केली होती! वर्षानुवर्षं सगळ्यांची थट्टा करणारा, 'मनाला लावून घेऊ नका' म्हणणारा माणूस, तक्रार घेऊन गेला होता. मामाच्या थपडेपेक्षा मला हे जास्त गोड लागलं.

हेड सिस्टर म्हणाली, "त्याचा लोकांसमोर अपमान झाला असं तो म्हणतो. हा तुला विनोद वाटतो का?"

मी तयारी करून गेले होते. "तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, तसाच विनोद," मी म्हटलं. "तो व्हिडिओ अजून असेल तर आपण दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघू. मोठ्या डॉक्टरांनाही बोलवू. ते वाक्य मला कुणी शिकवलं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही."

तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. तिनं समोरचं पेन उचललं, ठेवलं. "आपण हे इथंच थांबवू," ती म्हणाली. मी दार उघडून बाहेर आले तेव्हा तो औषधांच्या गाडीपाशी उभा होता. मी त्याच्या जवळून, मुद्दाम सावकाश, गेले.

त्यानंतर वॉर्डातली थट्टा बंद झाली. पण हेही खरं की माझ्याशी बोलणंही बंद झालं. मी स्टाफच्या खोलीत शिरले की बोलणारे कॉफीचे कप धुवायला उठायचे. लाल दाढीवाला माझ्याशी फक्त कामाचं बोलायचा: कुठल्या पलंगाला काय, किती वाजता. चादरी बदलताना पलंगाच्या पलीकडे तो असायचा, आणि आम्ही दोघं एक अक्षर न बोलता कोपरे दुमडायचो. मला एकटं वाटलं का? वाटलं. पण पूर्वी त्यांच्या हसण्यात बसूनही मी एकटीच होते, आणि तेव्हा वर हसावंही लागायचं.

मामा मात्र स्वस्थ नव्हता. आई सांगायची, तो प्रत्येक फोनला विचारतो, त्या पोराचा गाल बरा झाला का. एक दिवस दुपारी मी वॉर्डात असताना त्यानं माझ्या भावाकडून थेट मलाच व्हिडिओ कॉल लावून घेतला. "त्याले दे," मामा म्हणाला. "मले त्याच्याशी बोलाचं आहे." मी नाही म्हणू शकले नाही. मामा इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलत होता.

मी फोन लाल दाढीवाल्यासमोर धरला. पडद्यावर मामा, डोक्याला पांढरं उपरणं, मागं शेतातली विहीर. त्यानं हात जोडले. "भाऊ," तो म्हणाला, "मले माफ कर गा. मले वाटलं तू खरंच मागून राहिला. आमच्या घरी कोणी पाहुण्यावर हात नाही टाकत. पुढच्या बारीनं ये, खाप्याले ये, माझ्या घरी राहा. तुले संत्र्याच्या बागेत नेतो." बोलता बोलता त्यानं जोडलेले हात कपाळाला लावले. एवढा मोठा माणूस.

लाल दाढीवाल्याला एक शब्दही कळला नाही. कितीतरी आठवड्यांनी त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "काय म्हणतोय तो?"

"माफी मागतोय," मी म्हटलं. "त्याच्या घरी बोलावतोय तुला."

तो थोडंसं हसला, एकाच बाजूनं. "आणि खरं काय म्हणतोय?"

मी दुसऱ्यांदा सांगू शकले असते. मामाचं वाक्य न् वाक्य, हळूहळू, समजावून. तो मला निरखत होता, मी कुठं फसवतेय ते माझ्या तोंडावर शोधत होता. मी त्याला शोधू दिलं.

"काय म्हणते वं तो?" फोनमधून मामा विचारत होता. हात अजून जोडलेलेच.

"काही नाही मामा," मी म्हटलं, "ड्युटी आहे त्याची," आणि फोन बंद केला.